काचेच्या पेटीतले तळे

घरी मासे पाळणाऱ्या पुष्कळांची अशी समजूत असते की, पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्दोष. दर रविवारी पेटी रिकामी करून, वाळू खळखळून धुऊन नवे पाणी भरणारे हौशी गृहस्थ आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. मासे मात्र त्यांच्याकडेच अधिक मरतात!

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया पाण्यात उतरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण अल्प प्रमाणातही माशांना मारक ठरतो. वाळूला, दगडांना चिकटून राहणारे सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. नव्या पेटीत हे जंतू पुरेसे वाढण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. वाळू धुणारा गृहस्थ ही महिन्याची कमाई मोरीत ओतून मोकळा होतो.

वनस्पती ह्याच कामात हातभार लावतात. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांनी १८५० च्या सुमारास एका पात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पुढे कुजक्या पानांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी गोगलगाई सोडल्या. त्यांनी ती घाण फस्त केली व पाणी न बदलता मासे महिनोन्महिने जगले. वॉरिंग्टन ह्यांनी प्राणवायूचा हिशेब मांडला; वनस्पती अमोनियाही शोषतात.

व्हॅलिस्नेरिया आपल्याकडील तळ्यांतही वाढते. लावताना मुळे तेवढी वाळूत पुरावी. पाने जेथून फुटतात तो गड्डा वर राहू द्यावा, नाहीतर तो कुजतो. उजेड आठ तास पुरे. पेटी उन्हाच्या खिडकीत ठेवली, तर झाडांऐवजी शेवाळच माजते. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, हे विसरू नये. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागले, तर मासे कमी करावेत किंवा हवेचा पंप लावावा.

पाणी आठवड्याला चौथा हिस्सा बदलावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना व जंतूंनाही मारते. उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्यास ते बहुतांशी उडून जाते. क्लोरामीन मात्र असे उडत नाही. त्याला दुकानातले औषधच लागते. आणि गाळणीचा स्पंज धुवायचा तो नळाखाली नव्हे, पेटीतून काढलेल्या त्याच जुन्या पाण्यात.