मशीन मिळाले, पुढे काय?

मध्यंतरी वस्तीतले एक जोडपे अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलगी बोलत नाही. आजीने थाळी वाजवली, मुलगी वळली, म्हणून घरचे निर्धास्त राहिले. 'बापही उशिराच बोलला' असे सांगायला शेजारी होतेच. थाळीचा दणका कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही कळतो. बोलण्यातले बारीक आवाज मात्र निसटतात आणि भाषा येत नाही. हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. एका दुकानदाराने तपासणीविनाच मशीन गळ्यात मारले. तेही कर्ज काढून! साचा कानात बसेना, मशीन शिट्टी मारी, मुलगी ओढून फेकी. आता ते डब्यात पडून आहे.

दोष आईबापांचा आहे काय? कोणाकडे जायचे हेच वस्तीला ठाऊक नसते. कान-नाक-घशाचे डॉक्टर कानाचा आजार पाहतात. ऐकू किती येते हे मोजून मशीन बसवतो तो ऑडिओलॉजिस्ट. बोलते करतो तो स्पीच थेरपिस्ट. हे लोक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असावे लागतात. नोंदणी क्रमांक विचारायला आपण का लाजावे? 'बेरा' तपासणी झोपलेल्या बाळाचीही होते, दुखत नाही. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असे तज्ज्ञ सांगतात. आमची मुलगी अडीच वर्षांची झाली!

सोयी कागदावर नाहीत असे नाही. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण तपासायचे असते. अंगणवाडीत पथक येते, पुढे मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे असते. वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून मशीन मिळते, कॉक्लिअर इम्प्लांटलाही मदत होते. २०१६ चा कायदा दिव्यांग मुलाला सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क देतो. पण भाषा शिकण्याची खरी वर्षे सहाच्या आत निघून जातात, त्यांचे काय?

मशीनवाटपाची शिबिरे होतात, पुढाऱ्यांचे फोटो छापून येतात. मूल वाढते तसा कान वाढतो, साचा नवा लागतो. सेल संपतात. थेरपी तर महिनोन्‌महिने लागते आणि प्रत्येक फेरीला आईची मजुरी बुडते. (मशीनचा उपयोग होत नसेल तर खुणांची भाषा शिकवावी, त्यात कमीपणा कसला?) शिबिर भरवणाऱ्यांना आमचा सवाल आहे : तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात थेरपिस्टचे पद कधी भरणार?

त्या मुलीची बेरा आता झाली आहे. दर आठवड्याला तिला जिल्ह्याला न्यावे लागेल. जयंतीच्या बैठकीत आम्ही एकच विषय मांडणार आहोत : डीजेच्या वर्गणीतून तिच्या फेरीचे भाडे आणि आईची बुडालेली मजुरी.