पोरगं शाळेत गेलं म्हणजे काळजी मिटली?

‘आपल्या इकडं असं काई होत नाई बापा.’ अंजनगाव सुर्जीत मुलांच्या सुरक्षेचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. ऑगस्ट २०२४ पर्यंत बदलापूरच्या पालकांनाही तसंच वाटत असणार. तिथे बालवर्गातल्या दोन चिमुकल्यांवर शाळेतच अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि आरोप शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्यावर आला. हे बाहेर आलं ते दोन घरं एकमेकांशी बोलली म्हणून. एका मुलीने घरी सांगितलं, तिच्या पालकांनी त्याच वर्गातल्या दुसरीच्या पालकांना विचारलं, तर तीही शाळेत जायला घाबरत होती. गुन्हा नोंदवायला मात्र वेळ लागला. २० ऑगस्टला लोक रेल्वेरुळांवर उतरले, आणि २२ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण ऐकायला घेतलं.

धोका अनोळखी माणसाकडून असतो, हा सगळ्यात घट्ट गैरसमज. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले निघाले. म्हणून ‘ऑटोवाला घरचाच हाय’ एवढ्यावर थांबू नये. ‘पोराले काय होते?’ असंही म्हणतात. त्याच अभ्यासात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. मुलग्यांना आपण विचारतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅमेरे लावले की शाळा सुरक्षित झाली, असं समजणाऱ्यांनी बदलापूरनंतरचा राज्याचा शासन निर्णय बघावा. त्यात कॅमेऱ्यांबरोबरच चित्रण आठवड्यातून किमान तीनदा तपासायला सांगितलं आहे. न पाहिलेलं चित्रण कोणालाच वाचवत नाही. आणि शाळेच्या फाटकाबाहेर तर कॅमेराही नसतो. आपल्या तालुक्यात खेड्यांवरून एस.टी.ने, ऑटोने येणारी मुलं पुष्कळ. सुटीची घंटा आणि गाडी यांमधला वेळ शाळेचा की घरचा? दोघांनाही तो दुसऱ्याचा वाटतो, आणि खरी फट इथेच आहे. २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी हवा. पण समितीच्या आधी दोन साध्या गोष्टी ठरवता येतात. मूल गैरहजर असेल तर शाळेने त्याच सकाळी घरी फोन करायचा. न्यायला दुसरं कोणी येणार असेल तर पालकांनी आधी कळवायचं, आणि निरोप नसेल तर काका म्हणवणाऱ्याच्याही हाती मूल द्यायचं नाही. शिक्षकांनी असं अडवलं तर राग धरू नका.

‘शाळेचं नाव खराब होईल, आधी आपसात पाहू’ हा समज सगळ्यात महागात पडतो. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पोक्सो कायदा २०१२ चा. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा तशी शंका असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसलेल्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मुलीला ठाण्यात खेटे घालावे लागतील, ही भीती पालकांना गप्प करते. पण मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या पालक गटातही नाव टाकू नका.

मुलाने काही सांगितलं तर ‘खरंच का?’ म्हणून पुन्हा पुन्हा खोदू नका, शेजाऱ्यांसमोर तर नाहीच. ‘सांगितलंस ते चांगलं केलंस’ एवढं म्हणा आणि त्याचे शब्द आहेत तसे लिहून ठेवा.

१० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितली आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तर ७५ टक्के सदस्य पालकच असतात. पुढच्या पालकसभेत गुणपत्रकासोबत हेही विचारा: सखी सावित्री समितीत कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली, तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते? आणि १०९८ हा बालमदतीचा क्रमांक मुलांना पाठ आहे का?