रस्ता रुंद, काटा एकच

कला शाखेच्या विद्यार्थ्याने प्रकाशतंतूवर लिहावे, हे काहींना धाडस वाटेल. पण हा विषय मला प्रयोगशाळेत नव्हे, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उमगला.

हंगामात आपल्या श्रीरामपूर परिसरात उसाच्या गाड्यांची रांग कोणी पाहिली नाही? एकदा वडिलांबरोबर मी रात्रभर रांगेत होतो. ऊस वाळत होता, म्हणजे आमचे वजन घटत होते. मी म्हणालो, "अण्णा, हा रस्ता रुंद करायला हवा." अण्णा हसले, "रस्ता रुंद करून काय व्हनार? काटा तर एकच हाय!"

प्रकाशतंतूचेही नेमके हेच आहे. दूरध्वनी केंद्रांना जोडणारी भारतातील पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ साली पुण्यात सुरू झाली. काचेचा हा केसासारखा तंतू म्हणजे फार रुंद रस्ता. त्यातील नेहमीच्या वापराचा पट्टाच सुमारे ४ लाख कोटी हर्ट्‌झ रुंद आहे. परंतु एका टोकाला संदेश प्रकाशावर चढवते ती वीज आणि दुसऱ्या टोकाला तो उतरवून घेते तीही वीजच. हे दोन काटे!

या मंडलांतील ट्रान्झिस्टर ही विजेची कळ. ती चालू करताना विद्युत्भार भरावा लागतो, बंद करताना काढावा लागतो. त्याला वेळ लागतो. काटा स्थिर होण्यापूर्वीच पुढची गाडी चढवली, तर वजन चुकते. तसेच इथे घाई केली, तर एक स्पंद दुसऱ्यात मिसळतो. कळ लहान केली की वेग वाढतो, पण मग उष्णता आणि तारांचा अडथळा आडवे येतात. आज चांगली मंडलेही सेकंदाला १० ते २० हजार कोटी चिन्हांच्या आसपास अडतात. म्हणजे रस्त्याचा जेमतेम विसावा हिस्सा!

यावर तोड काय? काटे वाढवणे. एकाच तंतूत वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे तरंगलांबींचे, अनेक प्रकाशकिरण सोडतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र मंडल देतात. वाटेतही पूर्वी मंद झालेल्या प्रकाशाची वीज करून पुन्हा प्रकाश करावा लागे. १९८७ साली साउदॅम्प्टन विद्यापीठात एर्बियममिश्रित तंतूचा वर्धक तयार झाला आणि प्रकाश थेट प्रकाशरूपातच वाढवता येऊ लागला. वाटेवरचे काटे गेले; टोकांचे मात्र राहिले.

अण्णांना प्रकाशतंतू ठाऊक नाही. पण खोळंबा दिसला की आधी काटा कोठे आहे ते पाहावे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.