गळ, मासा आणि नोंदवही

रायपूर शहरातील तात्यापारा ह्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. तेथील मुलाच्या कानांवर घरात मराठी आणि रस्त्यावर छत्तीसगढी पडते. गळ टाकून मासे धरण्यास छत्तीसगढीत ‘गरी खेलना’ असे म्हणतात. कोकणातील मराठी माणूसही गळाला ‘गरी’च म्हणतो. शब्द एकच, परंतु छत्तीसगढीने त्याला खेळण्याचे क्रियापद जोडून एक भेद नेमका टिपला आहे. जाळे टाकणे हा कोळ्याचा व केवटाचा उद्योग होय. गरी हा खेळही होऊ शकतो. ह्या खेळात अधिक रस घेऊ इच्छिणाऱ्यास कोणत्या गोष्टी ठाऊक असाव्यात, ते येथे पाहू.

साधने थोडी, निरीक्षण अधिक

लवचिक बांबूची काठी, बळकट दोरा, शिशाची लहान गोळी, पाण्यावर तरंगणारा मोरपिसाच्या देठाचा तुकडा आणि गळ, एवढ्या साहित्यावर आरंभ करता येतो. रीळ बसविलेली काठी पुढे घेता येईल. आमिष म्हणून गांडूळ किंवा मळलेल्या कणकेची गोळी पुरते.

आपल्या तळ्यांतून कटला, रोहू व मृगळ हे तीन मासे बहुधा एकत्र वाढविले जातात. त्यांच्या चरण्याच्या जागा भिन्न असल्यामुळे हे साधते. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी अन्न शोधतो. म्हणून कोणता मासा हवा त्याप्रमाणे मोरपीस दोऱ्यावर वर-खाली सरकवून आमिषाची खोली ठरवितात.

माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा दिसते. तिला पार्श्विक रेषा म्हणतात. पाण्यातील सूक्ष्म कंप माशाला तिच्या योगे कळतात. काठावर पाय आपटीत येणाऱ्याची चाहूल माशाला अगोदरच लागते, ती ह्यामुळे. तेव्हा हलके पाऊल आणि दीर्घ स्वस्थता हे ह्या खेळाचे पहिले धडे होत.

सोडलेला मासा जगतो काय?

खेळ म्हणून गळ टाकणारे पुष्कळ जण धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतात. मासा शेपटी हलवून दिसेनासा होतो आणि तो वाचला असे समजून आपण निश्चिंत होतो. ही समजूत नेहमीच खरी नसते.

गळाला लागलेला मासा सर्व शक्तीनिशी ओढ घेतो. त्या वेळी स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. साठविलेली शर्करा प्राणवायूवाचून खर्ची पडते आणि शरीरात लॅक्टिक अम्ल वाढते. शर्यत संपल्यावर धावपटू धापा टाकतो, त्यासारखीच ही अवस्था होय. मात्र धावपटूला हवा मोकळी असते. माशाला आपण नेमके त्याच क्षणी पाण्याबाहेर काढतो. पाण्यात कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या सुट्या राहतात. हवेत त्या एकमेकींस चिकटतात आणि श्वसन जवळजवळ थांबते.

ह्याचा परिणाम किती होतो, हे कॅनडातील फर्ग्युसन व टफ्ट्स ह्या शास्त्रज्ञांनी 1992 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखविले. ट्राउट मासे दमेपर्यंत पळवून त्यांतील काही मुळीच हवेत न ठेवता, काही 30 सेकंद आणि काही 60 सेकंद हवेत ठेवून पाण्यात सोडले. बारा तासांनंतर पहिल्या गटातील 88 टक्के, दुसऱ्यातील 62 टक्के आणि तिसऱ्यातील केवळ 28 टक्के मासे जिवंत होते. ट्राउट हा थंड पाण्यातील मासा आहे. त्याचे आकडे रोहूला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु छायाचित्रासाठी हरवलेला एक मिनिट माशाला किती महाग पडू शकतो, हे त्यावरून ध्यानात येईल.

उष्ण प्रदेशात आणखी एक अडचण असते. 20 अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. 30 अंशाला हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते. म्हणून वैशाखातील दुपारी मासा दमविणे टाळावे.

पुढील नियम ह्या कारणांतूनच निघतात. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करावा, म्हणजे गळ चटकन निघतो. दोरा पुरेसा बळकट घ्यावा आणि मासा फार वेळ खेळवू नये. हात ओले करूनच त्याला स्पर्श करावा. कोरड्या हाताने अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून रोगास वाट मिळते. गळ शक्यतो पाण्यातच काढावा आणि मासा स्वतःच्या बळाने पोहू लागेपर्यंत त्याला पाण्यात सरळ धरून ठेवावे.

स्पर्धेची रीत

ह्या खेळाच्या स्पर्धाही होतात. क्रीडा म्हणून मासे धरणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1952 साली रोम येथे स्थापन झाला. मुंबईत पवई तलावावर 1955 पासून महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही संस्था आहे. काठावरील स्पर्धांत जागा बहुधा चिठ्ठ्या टाकून ठरवितात, कारण चांगली जागा मिळणे हाच निम्मा विजय असतो. ठरलेल्या वेळात धरलेल्या माशांचे एकूण वजन करून, किंवा ओल्या पट्टीवर प्रत्येकाची लांबी मोजून, गुण दिले जातात व मासे सोडले जातात. ह्या रीतीत स्पर्धकाच्या हाती मासा उरत नाही. उरते ती नोंद.

वहीने दिलेली साक्ष

अशा नोंदीचे मोल कावेरी नदीवर दिसून आले. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महाशीर माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स ह्यांनी 1839 साली केले होते. टॉर खुद्री ह्या नावाच्या त्या माशाची कृत्रिम पैदास लोणावळ्याजवळ टाटांच्या वळवण येथील केंद्रात 1970 नंतर होऊ लागली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी ह्यांचे नाव ह्या कामाशी निगडित आहे. तेथील पिले दूरदूरच्या पाण्यांत, कावेरीतही, सोडण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता: पाठीवर उंचवटा असलेला, त्याहून मोठा वाढणारा.

1998 ते 2012 ह्या काळात तेथे गळ टाकणाऱ्यांनी प्रत्येक मासा, त्याचे वजन आणि घालविलेले तास लिहून ठेवले होते. सहा हजारांहून अधिक माशांच्या ह्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा एकूण मासे वाढत असताना उंचवट्याचा महाशीर मात्र दुर्मिळ होत गेल्याचे उघड झाले. 2018 साली त्याची ओळख टॉर रेमादेवी अशी निश्चित झाली, आणि त्याच वर्षी अत्यंत संकटग्रस्त जातींत त्याची गणना झाली. केवळ ‘मासे पुष्कळ मिळतात’ एवढ्यावर विसंबले असते, तर हा ऱ्हास कोणाच्या लक्षात आला नसता.

आरंभ कसा करावा?

रायपूरजवळून वाहणारी खारून नदी शिवनाथेस मिळते आणि शिवनाथ महानदीस. ह्या नद्यांत माशांच्या विणीसाठी 16 जून ते 15 ऑगस्ट हा बंद काळ पाळला जातो. तो आपणही पाळावा. गावोगावची तळी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना पट्ट्याने दिलेली असतात. तेथे त्यांच्या अनुमतीवाचून गळ टाकू नये. ज्याचा तो खेळ आहे, त्याने ज्यांची ती उपजीविका आहे त्यांचा मान राखला पाहिजे.

एक साधी वही घ्यावी. तारीख, जागा, पाण्याचे तापमान, आमिष, गळ टाकून बसल्याचे तास, माशाची जात आणि लांबी असे रकाने आखावेत. दहा मासे पाच तासांत मिळाले की वीस तासांत, ह्यावर तळ्याची स्थिती कळते. म्हणून ज्या दिवशी मोरपीस हललेच नाही, त्या दिवसाचे तास लिहावेत आणि त्यांच्यापुढे शून्यही लिहावे.