कचारगडची वाट आणि राज्यघटनेतला धर्म

माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंदिया–डोंगरगड मार्गावरच्या दरेकसा स्थानकावर उतरलं की पावलं धनेगावच्या दिशेने वळतात. पुढे जंगलातली चढण आणि वर कचारगडची प्रचंड गुहा. सातरंगी झेंडे, ढोलांचा आवाज, ‘जय सेवा’चा घोष. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा चहूकडच्या गोंड समाजाचं हे श्रद्धास्थान. कली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली होती, जंगो रायताड आणि पारी कुपार लिंगो यांनी त्यांची सुटका केली आणि लिंगोच्या शिकवणीतून कोया पुनेम हा धर्ममार्ग सुरू झाला, असं ही परंपरा सांगते.

आपला देश धर्माच्या पायावर उभा राहिला का, सरकारचा धर्माशी संबंध काय, हा वाद शहरात बहुतेक वेळा तत्त्वाचा म्हणून घातला जातो. ही चढण चढणाऱ्यांसाठी मात्र तो जातीच्या दाखल्याचा, मुलीच्या जमिनीतल्या वाट्याचा आणि जनगणनेच्या अर्जातल्या एका ओळीचा प्रश्न आहे. म्हणूनच त्याभोवती साचलेले गैरसमज दूर व्हायला हवेत.

सगळ्यात जास्त कानावर पडणारा समज असा, की धर्मनिरपेक्षता आणीबाणीत घटनेत घुसडली गेली. शब्दापुरतं ते खरं आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत आला आणि 3 जानेवारी 1977 पासून लागू झाला. पण धर्माच्या कारणावरून राज्याने भेदभाव करू नये, प्रत्येकाला श्रद्धेचं आणि आचरणाचं स्वातंत्र्य असावं, सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देऊ नये, या तरतुदी 26 जानेवारी 1950 पासूनच आहेत. केशवानंद भारती खटल्याच्या 24 एप्रिल 1973 च्या निकालात सरन्यायाधीश सिक्री यांनी घटनेच्या मूलभूत चौकटीत तिचं धर्मनिरपेक्ष स्वरूपही मोजलं होतं. तेव्हा आणीबाणी यायची होती. 1994 च्या बोम्मई निकालाने ते ठामपणे मांडलं आणि हा शब्द काढून टाकावा म्हणून आलेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी फेटाळल्या.

के. टी. शहा यांनी हाच शब्द 15 नोव्हेंबर 1948 रोजी सुचवला होता आणि बाबासाहेबांनी तो नाकारला, हेही बरेचदा पुरावा म्हणून पुढे केलं जातं. शहांच्या दुरुस्तीत ‘समाजवादी’ आणि ‘संघराज्यात्मक’ हे शब्दही होते. समाजाची आर्थिक-सामाजिक घडी कशी असावी हे लोकांनी काळानुसार ठरवावं, घटनेने आधीच त्यांचे हात बांधू नयेत, यावर बाबासाहेबांच्या उत्तराचा भर होता. त्यावरून ते धर्माधारित राज्याच्या बाजूचे होते असं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

दुसरा समज असा, की घटनाकार नास्तिक होते म्हणून उद्देशिकेत देवाचं नाव नाही. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या गोष्टीचा आपल्या भागाशी संबंध आहे. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा मध्य प्रांत व वऱ्हाडात. याच प्रांताचे घटना समितीतले प्रतिनिधी हरि विष्णू कामत यांनी 17 ऑक्टोबर 1949 रोजी दुरुस्ती मांडली, की उद्देशिकेची सुरुवात परमेश्वराच्या नावाने व्हावी. विरोध करणारे सगळे काही देव न मानणारे नव्हते. देवाचा प्रश्न मतास टाकू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. श्रद्धा ही ज्याची त्याची बाब, ती सर्वांवर लादली जाऊ नये, असा हृदयनाथ कुंझरू यांच्या आक्षेपाचा रोख होता. तरीही मतदान झालंच. बाजूने 41, विरोधात 68.

त्याच वर्षी 12 मार्चला पाकिस्तानच्या घटना समितीने उद्दिष्टांचा ठराव करून सार्वभौमत्व अल्लाचं असल्याचं जाहीर केलं होतं. आपल्या सभागृहाने काही महिन्यांतच वेगळी वाट धरली. ती वाट निवडली नसती, तर कोणत्या धर्माच्या भाषेत, कोणत्या नावाने सुरुवात झाली असती? त्यात गोंडांच्या फडापेन या देवाला जागा मिळाली असती का? मला वाटतं, त्या 68 मतांनी कचारगडच्या वाटेवरच्या माणसाचीही राखण केली.

ईश्वर घटनेतून पूर्णपणे वगळला, हेही खरं नाही. तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे नमुने आहेत. मंत्री किंवा आमदार ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. निवड त्याची.

तिसरा समज दोन्ही टोकांनी मांडला जातो. एक बाजू म्हणते, घटनेनुसार आदिवासी हिंदूच. दुसरी म्हणते, घटनेने त्यांना हिंदू नाही असं ठरवलं आहे. घटनेत यातलं काहीच नाही. अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणात, हिंदू धर्मसंस्थांबाबतच्या कायद्यांपुरता, शीख, जैन आणि बौद्धांचा उल्लेख आहे, आदिवासींचा नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 2(2) सांगतं, की केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. 1956 च्या वारसा कायद्यातही तशीच तरतूद आहे. तिथे जमातीची रूढी चालते.

मग रूढीत मुलीला वाटा नसेल तर? छत्तीसगडमधल्या धैया या गोंड महिलेच्या वारसांनी आजोळच्या मालमत्तेत वाटा मागितला. मुलींना वाटा देण्याची रूढी तुम्ही सिद्ध केली नाही, असं म्हणून खालच्या न्यायालयांनी त्यांना परत पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने 17 जुलै 2025 रोजी तो युक्तिवाद उलटवला. मुलींना वाटा नाकारणारी रूढीही कुणी सिद्ध केलेली नाही, तेव्हा समानतेचं तत्त्व लागू होईल. हिंदू वारसा कायदा लागू न करताही त्या वारसांना न्याय मिळाला. धर्म कोणताही लिहा, अनुच्छेद 14 सगळ्यांना सारखा आहे. प्रत्येक गोंड घरातल्या लेकीला हा निकाल माहीत असायला हवा.

याला जोडूनच एक भीती पसरवली जाते, की धर्म बदलला किंवा अर्जात वेगळा लिहिला की जमातीचा दाखला जातो. अनुसूचित जातींसाठी धर्माची अट आहे: हिंदू, 1956 पासून शीख, 1990 पासून बौद्ध. जमातींच्या 1950 च्या आदेशात अशी अट नाही. धर्मांतराने जमातीचं सदस्यत्व आपोआप संपत नाही, जमातीशी नातं आणि तिच्या चालीरीती टिकल्या आहेत का हे पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये केरळच्या एका खटल्यात स्पष्ट केलं. धर्म बदललेल्यांना यादीतून वगळा, ही मागणी सभांमधून होत असते. ती मागणी आहे, कायदा नाही.

धर्मनिरपेक्ष सरकारने यात्रेवर खर्च करू नये, असंही काही जण म्हणतात. अनुच्छेद 27 एवढंच सांगतो, की एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी म्हणून कुणाला कर भरायला लावता येणार नाही. जमलेल्या माणसांना पाणी, रस्ता, दवाखाना पुरवणं हे सरकारचं काम आहे. पंढरपूरच्या मंदिरांसाठी 1973 चा आणि शिर्डीसाठी 2004 चा राज्याचा कायदा आहे. सगळ्यांना एका मापाने मोजावं, एवढीच अपेक्षा.

आता शेवटचा समज. जनगणनेत वेगळा रकाना नाही, म्हणून हिंदू लिहिण्यावाचून पर्याय नाही, असं गावोगावी ऐकू येतं. 2011 च्या अर्जात सहा धर्मांना क्रमांक होते. इतरांसाठी धर्माचं नाव लिहिण्याची सोय होती. त्या सोयीतून ‘इतर धर्म’ या शीर्षकाखाली देशभरात सुमारे 79 लाख लोक नोंदले गेले. त्यात सरना हा आदिवासी धर्म लिहिणारे 49 लाखांच्या वर आणि गोंड किंवा गोंडी धर्म लिहिणारे सुमारे 10 लाख. गोंडांची लोकसंख्या एक कोटीहून अधिक आहे. बाकीच्यांपैकी कितीजणांनी स्वतःहून दुसरं काही सांगितलं आणि कितीजणांना विचारलंच गेलं नाही, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. वेगळ्या सरना संकेतांकासाठी झारखंड विधानसभेने 11 नोव्हेंबर 2020 रोजी ठराव केला.

प्रगणकाने स्वतःच्या मनाने धर्म लिहायचा नसतो. समोरचा सांगेल तोच लिहायचा असतो. 2027 च्या जनगणनेसाठी माणूस दारात येईल तेव्हा हिंदू सांगायचं असेल तर हिंदू सांगा, कोया पुनेम सांगायचं असेल तर कोया पुनेम सांगा. पण तुम्ही स्वतः सांगा, आणि काय लिहिलं ते वाचून घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.