उकळीच्या अलीकडे

स्टुटगार्टमधला माझा पहिला हिवाळा. दुपारी चारलाच दिवे लावायची वेळ व्हायची. अशा एका संध्याकाळी शेजारच्या आजींनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. शेगडीवर स्टीलचं पातेलं होतं. त्यात तांबडी वाइन, दालचिनीचे दोन तुकडे आणि लवंगा टोचलेलं अर्धं संत्रं. वास इतका ओळखीचा होता की क्षणभर आपल्याच घरात मसालेभात शिजतोय असं वाटलं. पातेल्यातून नुसती वाफ येत होती, उकळीचा पत्ता नव्हता. मी सवयीने आच वाढवायला हात पुढे केला, तर आजींनी माझं मनगटच धरलं. "उकळायचं नाही हं!" त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, अगदी कळकळीने.

रात्री आईला फोनवर हे सांगितलं. आईचा काढा म्हणजे चार वाट्या पाण्याची एक वाटी होईपर्यंत आटवलेला. तिला ते मुळीच पटलं नाही. "मसाला घातलाय ना? मग खळखळून उकळी नको का यायला? नाहीतर अर्क उतरायचा कसा?"

दोघीही आयुष्यभर चुलीपाशी उभ्या राहिलेल्या. मग बरोबर कोण? पुढच्या काही हिवाळ्यांत बाजारात, पुस्तकांत आणि माझ्या स्वतःच्या पातेल्यात मी याचं उत्तर शोधत राहिले. ते सापडलं दोन हजार वर्षं जुन्या परंपरेतल्या एका कृतीत, आणि त्या कृतीत आपलं तमालपत्रही होतं.

धगधगती वाइन

या पेयाला जर्मनीत ग्ल्यूवाइन म्हणतात. 'ग्ल्यूएन' म्हणजे तापून लाल होणं, धगधगणं. पूर्वी लोखंडी सळई विस्तवात लाल करून वाइनमध्ये बुडवत, त्यावरून हे नाव आल्याचं सांगतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळापर्यंत गावोगावच्या चौकांत लाकडी टपऱ्यांचे बाजार भरतात. ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासूनचा आहे आणि स्टुटगार्टच्या बाजाराची नोंद १६९२ मधली आहे. अनामत रक्कम भरून चिनीमातीचा मग घ्यायचा, दोन्ही तळव्यांत धरून उभ्या उभ्या प्यायचं आणि मग परत केला की पैसे परत. अनेक बाजारांत दर वर्षी मगावर नवं चित्र असतं, त्यामुळे तो परत न करता घरी नेणारेही पुष्कळ. आजींच्या फडताळात अशा मगांची एक अख्खी रांग होती आणि कोणत्या वर्षी किती बर्फ पडला होता, हे त्या मगाकडे बघून सांगायच्या.

स्टुटगार्ट हे द्राक्षमळ्यांचं शहर. घरांच्या मागेच उतारांवर वेली दिसतात. इथलं खास द्राक्ष ट्रॉलिंगर. त्याची वाइन फिकट लाल, हलकी आणि कमी तुरट असते. ग्ल्यूवाइनसाठी हा गुण मोलाचा, त्याचं कारण पुढे येईलच. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं आहेत, हे समजल्यावर मला उगाचच घरच्यासारखं वाटू लागलं.

बाटलीवर 'ग्ल्यूवाइन' असं छापायचं तर युरोपीय संघाचा २०१४ चा नियम पाळावा लागतो. वाइन द्राक्षाचीच हवी, मुख्य स्वाद दालचिनीचा, लवंगेचा किंवा दोन्हींचा हवा, अल्कोहोल किमान ७ टक्के हवं आणि वरून पाणी घालायचं नाही. ही पाण्याची अट घरी करतानाही लक्षात ठेवावी.

तमालपत्राचा प्रवास

रोमन पाककृतींचा जो संग्रह अपिसियसच्या नावाने ओळखला जातो, त्यातली पहिलीच कृती मसाल्याच्या वाइनची आहे. १५ रोमन पौंड, म्हणजे सुमारे पाच किलो मध घ्यायचा. त्यात थोडी वाइन घालून मंद जाळावर ठेवायचं. उकळी वर आली की थंड वाइनचा शिंतोडा मारून ती बसवायची. दूध उतू जाताना आपण पाण्याचा हबका मारतो ना, तसंच. निवलं की पुन्हा तापवायचं, असं तीनदा. मग भांडं उतरवायचं आणि दुसऱ्या दिवशी वरचा फेस काढायचा. त्यात कुटलेली मिरी, मस्तकी नावाचा सुगंधी डिंक, केशर, भाजलेल्या खजुराच्या बिया, वाइनमध्ये भिजवलेला खजूर आणि एक 'पान' घालायचं. मुख्य वाइन, म्हणजे जवळजवळ दहा लिटर, सगळ्यात शेवटी. ती तापवायची नाही.

हे 'पान' म्हणजे मालाबाथ्रम, आपलं तमालपत्र, असं अभ्यासक मानतात. त्या शब्दाची गंमत अशी सांगतात की ग्रीक व्यापाऱ्यांनी 'तमालपत्र' ऐकलं आणि त्यातला 'त' हे त्यांना आपल्या भाषेतलं अनेकवचनी उपपद वाटलं. तो वगळून त्यांनी उरलेल्या भागाचा नवा शब्द घडवला. आपल्या मसाल्याच्या डब्यातलं पान अशा तुटक्या नावाने भूमध्य समुद्रापर्यंत गेलं.

त्या काळी माल दोन्ही दिशांनी जायचा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल या आपल्या बंदरांचे उल्लेख आहेत. केरळच्या किनाऱ्यावरून मिरी जायची आणि भडोचला उतरणाऱ्या मालात वाइन असायची, त्यातही इटलीच्या वाइनला पसंती असे. मिरीची किंमत किती, तर इ.स. ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलारिक याने रोमला वेढा घातला तेव्हा त्याच्या खंडणीत सोन्याचांदीबरोबर ३,००० पौंड मिरीही होती.

मध्ययुगात हेच पेय 'हिपोक्रास' नावाने राजवाड्यांत पोचलं. दालचिनी, सुंठ आणि साखर घातलेली वाइन कापडी पिशवीतून गाळायची. त्या पिशवीला वैद्य हिपोक्रेटिसची बाही म्हणत, तेच नाव पेयाला मिळालं. १३९३ च्या सुमारास एका पॅरिसवासी गृहस्थाने आपल्या तरुण पत्नीसाठी लिहिलेल्या घरसंसाराच्या पुस्तकातही त्याची कृती आहे. तेव्हा हे श्रीमंतांचं पेय होतं. लवंग फक्त मोलुक्का बेटांवर पिकायची, जायफळ बांदा बेटांवर, उत्तम दालचिनी श्रीलंकेत. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, मग या मसाल्यांसाठी शतकानुशतकं लढाया झाल्या, बेटंच्या बेटं उद्ध्वस्त झाली. आज बाजारातल्या टपरीवर चार नाण्यांत मिळणाऱ्या या मगामागे एवढा इतिहास आहे, तो मला विसरावासा वाटत नाही.

ड्रेस्डेनजवळच्या वाकरबार्थची १८३४ मधली एक हस्तलिखित कृती सापडली आहे. दालचिनी, सुंठ, बडीशेपेच्या जातीचं अ‍ॅनिस, डाळिंब, जायफळ, वेलदोडे, किंचित केशर आणि गोडीला मध किंवा साखर. यातले काही जिन्नस आपल्याकडे दिवाळीच्या फराळात आणि मसाला दुधात असतात.

आच आणि अर्क

आता मूळ प्रश्नाकडे. दालचिनीचा वास सिनॅमाल्डिहाइडचा, लवंगेचा युजेनॉलचा आणि संत्र्याच्या सालीचा लिमोनीनचा. ही तेलं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात. त्यामुळे पाण्याच्या काढ्याला जी खळखळ लागते ती वाइनला लागत नाही. मंद उष्णता आणि वीसेक मिनिटं एवढं पुरतं.

उकळीने मात्र नुकसान होतं. द्राक्षाचा नाजूक फळवास वाफेबरोबर निघून जातो. लवंग आणि सालीचा कडवटपणा उतरत राहतो, वाइनचा तुरटपणा आणि आंबटपणा पुढे येतो. शुद्ध अल्कोहोल ७८ अंश सेल्सियसला उकळतं. वाइनमध्ये ते पाण्यात मिसळलेलं असल्याने त्या अंशावर एकदम उडून जात नाही, पण आच आणि वेळ वाढेल तसं कमी होत जातं. म्हणून ७० ते ७५ अंशांच्या दरम्यान थांबावं. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर डोळ्यांनी पारखावं: पृष्ठभागावरून वाफ निघतेय, कडेला मोत्यासारखे बारीक बुडबुडे धरतायत, पण मध्ये हालचाल नाही. तिथेच आच कमी करायची.

घरची कृती

चार जणांसाठी एक बाटली, म्हणजे ७५० मिलिलिटर लाल वाइन घ्यावी. ती महागाची नको आणि बिघडलेलीही नको. ताजी, फळाच्या चवीची, ओकच्या पिंपात न मुरवलेली आणि कमी तुरट अशी निवडावी, कारण तापवल्यावर तुरटपणा आणखी जाणवतो. ट्रॉलिंगरचा गुण तो हाच. भारतात नाशिकची झिनफँडेल किंवा हलकी शिराझ चांगली जमते.

बाकी सामान: एक संत्रं, चार ते पाच पोह्याचे चमचे साखर, बोटभर लांबीची दालचिनी, पाच लवंगा, तीन वेलदोडे, एक चक्रीफूल, आल्याची एक चकती आणि एक तमालपत्र. मसाला अख्खाच घ्यावा. पूड घातली तर पेय गढूळ होतं आणि दालचिनीची पूड बुळबुळीत होते. वेलदोडे फक्त तडकवून घालावेत. संत्र्यावर मेणाचा थर असेल तर ते गरम पाण्याने चोळून धुवावं आणि सोलताना केशरी सालच घ्यावी, आतला पांढरा भाग कडू असतो. भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं हवं. अ‍ॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ वाइनमधल्या आम्लाने कळकतं.

कृतीची पहिली पायरी आईची आहे. एक कप वाइन, संत्र्याचा रस, साखर आणि सगळा मसाला पातेल्यात घेऊन खुशाल उकळू द्यावं. पाच-सात मिनिटांत पातळ पाकासारखं होतं, घरभर वास सुटतो, अर्क उतरतो. एका कपाचा फळवास यात जातो, पण बाकीची बाटली वाचते.

दुसरी पायरी आजींची. गॅस अगदी बारीक करून उरलेली वाइन आणि संत्र्याची साल घालावी, झाकण ठेवावं, वाफ धरेपर्यंत तापवावं आणि वीस मिनिटं तिथेच राखावं. मग चव घेऊन गोडी जुळवावी आणि लगेच गाळावं. मसाला रात्रभर तसाच ठेवला तर लवंग सगळ्यावर मात करते. उरलं तर गाळलेलं पेय फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतं, मात्र पुन्हा तापवतानाही नियम तोच.

थोड्या वाइनला गोडाबरोबर उकळी, मुख्य वाइनला नाही, हा विचार रोमन कृतीतही होता. दोघीही बरोबर होत्या, फक्त प्रत्येकीचं पातेल्यातलं माप वेगळं होतं.

आणखी काही घरं

स्वीडनमध्ये याला ग्लग म्हणतात. त्यात वेलदोडा ठळक असतो आणि लहान कपाच्या तळाशी बदाम-बेदाणे घालतात, ते चमच्याने खायचे. फ्रान्समध्ये व्हाँ शो, पोलंडमध्ये ग्झान्येत्स. इंग्लंडमध्ये लवंगा टोचून भाजलेल्या संत्र्यांचं 'स्मोकिंग बिशप' असे. डिकन्सच्या १८४३ च्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये शेवटी स्क्रूज आपल्या कारकुनाला तेच प्यायला बोलावतो.

आपल्याकडे नाशिकजवळच्या निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांच्या खाली सहज येतो. नाशिकच्या वाइनला अशी थंडी मिळते आणि मसालाही लांबून आणायला नको. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीची 'कोकण तेज' ही जात दिली आहे आणि कोकणच्या नारळी-पोफळीच्या बागांत मिरी, जायफळ रुजलेलं आहे. मला यात मोठं समाधान वाटतं. जो मसाला आपल्या किनाऱ्यांवरून जहाजांत भरून गेला, तो आज आपल्या द्राक्षांच्या वाइनमध्ये घरच्या घरी पडू शकतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. अल्कोहोलने ऊब आल्यासारखी वाटते, कारण त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गरम रक्त पृष्ठभागाकडे येतं. त्यामुळे शरीराच्या आतली उष्णता उलट लवकर बाहेर जाते. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर हे पेय म्हणजे पांघरूण नव्हे. गोडीमुळे किती प्यायलं ते कळत नाही, म्हणून काहीतरी खाताखाता, एक मग, आणि गाडी चालवायची असेल तर तोही नको. गरोदर स्त्रिया, मुलं आणि न पिणारे यांच्यासाठी जर्मनीत किंडरपुन्श असतो: सफरचंदाचा किंवा लाल द्राक्षांचा रस, लाल अंबाडीच्या फुलांचा चहा आणि तोच मसाला. याला उकळीचं भय नाही.

आई दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आली तेव्हा शेगडीवर दोन पातेली होती. तिच्या पातेल्यात द्राक्षाचा रस खळखळत होता, शेजारच्यात वाइन नुसती वाफ देत होती. आजींना मराठी येत नाही आणि आईला जर्मन. आईने डब्यातून आणलेलं तमालपत्र दोन्ही पातेल्यांत एकेक टाकलं. आजींनी वास घेतला, मान हलवली आणि आच वाढवायला निघालेला आईचा हात हलकेच धरला. आईने तो मागे घेतला आणि मला म्हणाली, "राहू दे. त्यांचं पातेलं त्यांच्या पद्धतीने होऊ दे." मग दोघी वाफेकडे बघत शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.