पानावरचा सौदा

वऱ्हाडातील अनेक जैन घरांत संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकते. हिवाळ्यात अमरावती-अकोल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. शाळेतून आलेल्या मुलाने तासाभरापूर्वीच बिस्किटांचा पुडा संपवलेला असतो. मग पानातील लवकी, दोडके, ढेमसे पाहून ते तोंड फिरवते आणि घरात सौदा सुरू होतो : भाजी संपव, चॉकलेट मिळेल.

इतर घरांत अशा वेळी बटाटा मदतीला येतो. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरी बटाटा, गाजर, बीट यांपैकी काहीच नसते. चातुर्मासात बहुतेकांकडे पालेभाज्याही बंद असतात. उरलेल्यांतील निम्म्या भाज्या मुलाने नाकारल्या, तर त्याच्या वाट्याला फारसे काही राहत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ हट्टाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला होता.

चॉकलेटच्या सौद्याने मात्र उलटेच घडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लीअ‍ॅन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विशिष्ट पेय प्यायल्याबद्दल लहान मुलांना बक्षीस किंवा शाबासकी देण्यात आली. कालांतराने त्याच मुलांची त्या पेयाची आवड घटली. व्यापारी कुटुंबाला याचे कारण सांगावे लागत नाही. चांगला माल खपवण्यासाठी गिऱ्हाइकाला वरून पैसे मोजावे लागत नाहीत, हे मुलालाही कळते.

नवी चव अंगवळणी पडण्यास दहा-पंधरा वेळा चाखणे लागू शकते. पुष्कळ आया तिसऱ्या-चौथ्या नकारालाच ती भाजी सोडून देतात. पानात अन्न टाकू नये, हा संस्कार मोलाचा आहे. पण वाटीभर वाढून तो पाळायला लावला, की त्याचीच सक्ती होते. चमचाभर वाढावे. संपले तर पुन्हा वाढावे; न संपल्यास तो चमचा मोठ्यांनी संपवावा आणि पुढच्या आठवड्यात तीच भाजी पुन्हा करावी. जेवणाआधी दोन तास पुड्यातला खाऊ बंद ठेवावा.

मेथी-पालकाची गोडी लावण्यास हिवाळा उत्तम. तुरीच्या वरणात पालक घालून केलेली डाळभाजी वर लिंबू पिळून द्यावी. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. इतवारा बाजारात किंवा अकोल्याच्या जनता भाजी बाजारात मुलाला सोबत न्यावे, दोन भाज्यांतली एक त्याला निवडू द्यावी. दुकान सांभाळणाऱ्या वडिलांनीही शक्य त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी घरी येऊन मुलाच्या शेजारी तेच दोडके आवडीने खावेत. मूल सांगण्यापेक्षा पाहून अधिक शिकते.